घोडा पाय उचलू देत नाही: घोडेवाल्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा भरते. ती उठली की पंधरा दिवसांत मला फोन यायला लागतात. "दादा, घोडी झकास मिळाली, चालही छान आहे, पण पायाला हात लावू देत नाही." कोणी शहाद्याकडचा असतो, कोणी शिरपूरचा, कोणी थेट चाळीसगावहून विचारतो. प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो आहे. मी पशुवैद्य नाही आणि नालबंदही नाही. आमच्या घरी आजोबांपासून दावणीला घोडी आहे. स्वतः हाताने केलंय तेवढंच इथे लिहिलंय.

घोडा पाय का देत नाही? हट्टी असतो का?

हट्ट फार थोड्या घोड्यांत असतो, बाकी सगळी भीती असते. घोड्याला शिंगं नाहीत, नखं नाहीत. संकट आलं की पळायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्याचा एक पाय तुमच्या हातात आला म्हणजे त्याची पळायची वाट बंद झाली. त्यात तोलाची अडचण. घोड्याच्या अंगाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. त्यातला एक उचलला की दुसऱ्यावर केवढं ओझं येतं बघा. ज्याला सवय नाही तो डगमगतो, आणि डगमगला की आणखी घाबरतो.

मला जे समजलंय ते असं: पाय उचलणं घोड्याला येतंच, दिवसभर उचलतो तो. दिलेला पाय आपल्याला परत मिळतो, एवढं त्याला शिकवायचं असतं. बहुतेक जण पाय कसा धरून ठेवायचा याचाच विचार करतात. मी आधी पाय कधी सोडायचा ते बघतो. खाली जी काही रीत सांगितली आहे ती सगळी या एका गोष्टीवर उभी आहे.

दुखतंय म्हणून देत नाही की सवय नाही म्हणून, हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, पण फार कमी लोक विचारतात. कालपर्यंत पाय देणारी घोडी आज देत नसेल तर शिकवायला बसू नका, कारण शोधा. चारही पायांपैकी एकाच पायाला त्रास देत असेल तरी तेच. आणि एक गंमत लक्षात ठेवा: घोडी डावा पाय देत नाही तेव्हा दुखणं कधीकधी उजव्यात असतं. डावा उचलला की सगळा भार दुखऱ्या उजव्यावर जातो, म्हणून ती नाकारते.

खुरावर तळहात ठेवून चारही खूर ताडून बघा. एकच खूर जास्त गरम लागत असेल, घोट्याच्या मागे बोटाला नाडी जोरात उडताना कळत असेल, तर आत काहीतरी शिजतंय. आपल्याकडे कपाशीच्या आणि तुरीच्या रानातून घोडं गेलं की धसकट घुसतं, बाभळीचा काटा तर बारमाही. पुढचे दोन्ही पाय समोर टाकून घोडं मागे रेलून उभं राहत असेल तर ती वेळ घालवायची खूण नाही, लगेच डॉक्टर बोलवा. जत्रेआधी अंग भरावं म्हणून वारेमाप चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, चारलेल्या घोड्यांत हे होतं. खुराच्या आतला भाग सुजतो आणि टणक खुरात सुजेला जागाच नसते, त्यामुळे वेदना भयंकर असतात.

म्हाताऱ्या घोड्याचे सांधे आखडतात. तो पाय देतो, पण उंच धरला की हिसकावतो. तिथे औषध एकच, पाय जमिनीपासून वीतभरच उचलायचा.

बैलाला पाडून पत्री मारतात, तसं घोड्याला पाडून नाल का ठोकू नये?

आपल्या खानदेशात घरोघरी बैल, त्यामुळे हा विचार सहज येतो. बैल तीन पायांवर नीट उभा राहत नाही, त्याचा खूर दुभंगलेला, पत्र्याही (बैलाच्या नाला) एका खुराला दोन, म्हणून त्याला पाडण्याची रीत पडली. घोडा तीन पायांवर आरामात उभा राहू शकतो, उभ्याउभ्या डुलकीही काढतो. त्याला दोरखंड टाकून पाडलं तर पाठ लचकू शकते, मांडी मोडू शकते. आणि नाही मोडली तरी पुढच्या वेळी दोरी दिसली की तो दावं तोडेल. एका दिवसाची नालबंदी साधते आणि पुढची दहा वर्षं बिघडतात.

मागचा पाय दोरीने वर ओढून शेपटीला किंवा झाडाला बांधण्याबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. बांधलेला पाय घोड्याला कधीच परत मिळत नाही, म्हणजे जे शिकवायचं त्याच्या बरोबर उलटं आपण शिकवतो.

किती दिवस लागतात?

न हाताळलेल्या पण निरोगी मनाच्या घोड्याला दोन-तीन आठवडे. आधी मार खाल्लेल्या घोड्याला दोन-तीन महिनेही लागतात. रोज दोनदा, पाच-पाच मिनिटं. रविवारी एकदम तासभर केलेलं फुकट जातं.

जागा कशी असावी? कोणी धरायचं?

सपाट, कोरडी, घट्ट जमीन. शहाबादी फरशीवर किंवा ओल्या सिमेंटवर कधीच नको, तीन पायांवरचं घोडं घसरतं. भिंतीच्या कडेला उभं केलं तर ते एका बाजूला सरकत नाही, पण आपण घोडं आणि भिंत यांच्यामध्ये सापडायचं नाही.

सुरुवातीला बांधून ठेवू नका. ओळखीच्या माणसाने म्होरकी (तोंडाची दोरी) धरावी, आणि तो माणूस तुम्ही ज्या बाजूला आहात त्याच बाजूला उभा असावा. म्हणजे गडबड झाली तर तो तोंड आपल्याकडे वळवेल आणि घोड्याचा मागचा भाग तुमच्यापासून लांब जाईल. बांधावंच लागलं तर एका ओढीत सुटेल अशी गाठ मारा. अगाडी-पछाडी, म्हणजे पुढच्या-मागच्या पायांच्या दोऱ्या, लावून हा धडा होत नाही.

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो. तेव्हा सकाळी सहाच्या आत उरकून घ्या. तापलेल्या, माश्यांनी हैराण झालेल्या घोड्याला स्थिर राहा म्हणणं अन्याय आहे. माशी उडवायला पाय आपटला तर त्याला ओरडायचं नाही. आधी खरारा करा, अंग मोकळं होऊ द्या, मग पायाकडे वळा. थोडं फिरवून आणलेलं घोडं चांगलं ऐकतं.

पुढचा पाय कसा उचलायला शिकवायचा?

घोड्याच्या खांद्याजवळ उभे राहा, तुमचं तोंड त्याच्या शेपटीकडे. जवळचा हात खांद्यावर ठेवा आणि थोपटत, न उचलता, खाली घसरवत न्या. खांदा, कोपर, गुडघा, नळी. मध्येच त्याने अंग आखडलं तर हात तिथेच राहू द्या, पुढे नेऊ नका आणि काढूही नका. त्याने श्वास सोडला की हात काढा. पहिल्या दिवशी हात गुडघ्यापर्यंतच पोचला तरी चालेल.

हात खुरापर्यंत शांतपणे जायला लागला की नळीच्या मागची शीर दोन बोटांत हलकेच दाबा आणि एक शब्द ठरवा. आम्ही "पाय" म्हणतो. शब्द कोणताही असो, घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा. दाबूनही हलत नसेल तर पुढच्या पायाच्या आतल्या अंगाला, गुडघ्याच्या वर, शिंगासारखी खरखरीत खपली असते ती अंगठ्याने दाबून बघा. बरेच घोडे तिथे पटकन पाय मोकळा करतात. खांद्याने त्याला किंचित पलीकडे रेललं तर भार दुसऱ्या पायावर जातो आणि त्याचं काम सोपं होतं.

आता नीट बघा. पाय उचलायच्या आधी भार सरकतो, गुडघा किंचित सैल पडतो. तेवढं दिसलं की बोटं सोडा, "शाब्बास" म्हणा, मानेवर खाजवा. पाय जमिनीवरच आहे अजून, तरी सोडा. दुसऱ्या दिवशी टाच सुटेल, तिसऱ्या दिवशी खूर हातात येईल. हातात आला की एक आकडा मोजा आणि त्याने ओढायच्या आत तुम्हीच खाली ठेवा. टाकायचा नाही, ठेवायचा. जमिनीला टेकेपर्यंत हात बरोबर न्यायचा. मग दोन आकडे, मग पाच.

पाय बाहेरच्या बाजूला ओढू नका. घोड्याचा पाय पुढे-मागे वाकतो, आपल्या हातासारखा बाजूला फिरत नाही. तुम्हाला खूर नीट दिसावा म्हणून तुम्ही वाका, त्याचा पाय वाकडा करू नका. आणि खाली बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही. कमरेत वाकून उभं राहायचं, म्हणजे बाजूला होता येतं.

मागचा पाय? लाथ मारते हो.

इथेच बहुतेकांचं अडतं, म्हणून आमच्या काजळी घोडीचं सांगतो.

चार वर्षांपूर्वी ती जत्रेतून आणली. विकणारा म्हणाला, थोडी लाजरी आहे. घरी आल्यावर कळलं, मागच्या डाव्या पायाला हात तर सोडाच, त्या बाजूला बादली ठेवली तरी दुगाण्या झाडते. आठवड्याने पाणी मारताना खुराच्या वरच्या खळगीत केस नसलेली, बोटभर रुंदीची गोल खूण दिसली. दोरीचा व्रण. कोणीतरी कधीतरी तिचा पाय बांधून ओढला होता आणि ती ओढ तिने सोसली होती. त्या दिवसापासून तिला कोणी खोडीची म्हटलं की मला सहन होत नाही.

मी जुन्या हातमोज्यात चिंध्या ठासून भरल्या आणि तो चार हात लांब बांबूला बांधला. खांद्याजवळ उभं राहून त्या खोट्या हाताने आधी पाठ, मग पुठ्ठा (मांडीच्या वरचा मागचा भाग), मग मांडी चोळायची. ती लाथ मारायची ती बांबूला लागायची, मला नाही. लाथ मारली तरी हातमोजा काढायचा नाही, फक्त हलवणं थांबवायचं. लाथ मारल्यावर काढला तर तिला धडा मिळतो की लाथेने काम होतं. ती थांबली, कान सैल पडले, की लगेच काढायचा. पहिले आठ दिवस हातमोजा मांडीच्या खाली गेला नाही. नवव्या दिवशी तिने मान खाली घातली, ओठ चाटले आणि मोठा फुसकारा सोडला. हातमोजा तिच्या घोट्यावर होता. मी तिथेच थांबलो आणि तिला दावणीला नेऊन कडबा टाकला.

नंतर खरा हात. पुठ्ठ्याला खेटून, अगदी चिकटून उभं राहायचं. एक तर चिकटून किंवा लाथेच्या पल्ल्याच्या पूर्ण बाहेर, अधलंमधलं अंतर सगळ्यात धोक्याचं. चिकटून असलात तर लाथेला जोर येत नाही, ढकलल्यासारखं होतं. अगदी पाठीमागे, शेपटीच्या रेषेत जायचं नाही, तिथे तिला दिसतच नाही. एक हात पुठ्ठ्यावर ठेवून दुसरा मांडीवरून नळीपर्यंत न्यायचा. पुठ्ठ्यावरच्या हाताला आधी कळतं. आतला स्नायू दगडासारखा झाला की थांबायचं.

मागचा पाय उचलला की घोडं तो आधी पोटाकडे वर खेचतं. ती लाथ नसते, सांध्यांची रचनाच तशी आहे. घाबरून सोडू नका, पाय जिथे जातो तिथे हात जाऊ द्या. खाली आला की आधी पुढे पोटाखाली धरा, मग हळूच मागे न्या आणि तुमच्या मांडीवर टेकवा. तिला तुमच्या मांडीचा आधार मिळाला की ती निवांत होते.

काजळीचा खूर पहिल्यांदा माझ्या मांडीवर आला तेव्हा पौष संपत आला होता. खुराच्या मधल्या मऊ त्रिकोणाच्या कडेला, मातीच्या थराखाली, चिंचोक्याएवढा खडा रुतलेला होता. किती दिवस त्यावर ती चालत होती कोण जाणे. खूर साफ करायच्या आकडीने तो काढला. तो जमिनीवर पडला तसं तिने मागे वळून माझ्या पाठीला नाक लावलं.

पाय देतो, पण सगळं अंग आपल्यावर टाकतो. काय करू?

तुम्ही त्याला पेलताय म्हणून तो टाकतो. पाय उचलण्याआधी बाकीचे तीन पाय चौरस उभे आहेत का बघा, पाय फाकलेले किंवा आवळलेले असले तर त्याला तोल सावरता येत नाही. उचलल्यावर खूर घट्ट पकडू नका, पुढच्या टोकाला बोटांवर झेला. तो रेलू लागला की पाय थोडा खाली न्या. आधार गेला की तो स्वतःचा तोल स्वतः घेतो.

मध्येच हिसकावून घेतो. सोडू की धरून ठेवू?

साधा हिसका असेल तर पायाबरोबर हात जाऊ द्या, कुस्ती करू नका, आणि तो क्षणभर शांत झाला की तुम्हीच ठेवा. खरोखर लाथा झाडायला लागला तर सोडा आणि बाजूला व्हा. अर्ध्या टनाच्या आसपासच्या जनावराशी ताकदीत आपण कधीच जिंकत नाही. त्याने हिसकावलं याचा अर्थ तुम्ही जास्त वेळ धरलंत. पाच आकड्यांना हिसका आला असेल तर उद्या तीनवर ठेवा.

मारू नका. पायाजवळ मार बसला की पायाजवळचा हात म्हणजे मार, असं त्याच्या डोक्यात बसतं.

गूळ देऊ का?

द्या, सुपारीएवढा. पाय हातात असताना किंवा ठेवल्याक्षणी द्यायचा, दोन मिनिटांनी दिलेला कशाचा ते त्याला कळत नाही. खिसे हुंगायला, चावायला लागला तर गूळ बंद करून गाजराच्या चकत्या टोपलीत टाका. अंगाने जड, मानेवर चरबी चढलेल्या घोड्याला गूळ नकोच. मानेच्या बुडाशी खाजवणं हेही त्याला बक्षीसच वाटतं.

आमचा घोडा नाचरा आहे. पायाला हात लावला की टापा आपटतो.

त्याचा दोष नाही, त्याला तेच शिकवलंय. नाचाच्या घोड्याला छडीचा स्पर्श झाला की पाय झटक्यात वर घ्यायचा असतो. म्हणून त्याच्यासाठी खूण पूर्ण वेगळी ठेवा. टिचकी, छडी, चुटकी यातलं काही नको. तळहात सपाट ठेवून सावकाश घसरवत न्यायचा, शब्द वेगळा आणि आवाज खालचा. पायातले घुंगरू काढून ठेवा. घुंगरू बांधले म्हणजे नाच, काढले म्हणजे पाय द्यायचा, हा फरक तो थोड्याच दिवसांत ओळखतो. वरातीच्या घोड्यालाही ही सवय हवीच, घुंगरू बांधायला रोज कोणीतरी पायाशी वाकणारच.

शिंगराला केव्हापासून शिकवायचं?

पहिल्या काही आठवड्यांतच. आई शेजारी उभी, शिंगरू तिच्या अंगाला टेकलेलं, आणि एकेक पाय क्षणभर उचलून ठेवायचा. त्याच्या खुरावर बोटाने टकटक करायची, म्हणजे पुढे हातोडीचा आवाज नवा वाटत नाही. शिंगराला उचलून, कवटाळून बळजबरी करू नका. गाभण घोडीचे दिवस भरत आले असतील तर मागचे पाय खाली आणि थोडाच वेळ धरा, पोटाच्या ओझ्याने तिला जड जातं.

माझ्याकडे देतो, नालबंद आला की बिथरतो.

नालबंदाच्या अंगाला इतर घोड्यांचा, जळक्या खुराचा, लोखंडाचा वास असतो. आणि तो घाईत असतो, त्याला पुढच्या गावाला जायचं असतं. आठवडाभर आधीपासून तुम्ही कानस खुरावर हलकेच घासा, छोट्या हातोडीने नालेवर टकटक करा, पाय गुडघ्यांमध्ये धरून बघा. शेजारच्या दोघा-तिघांना पाय उचलायला लावा. आणि नालबंदाला सरळ सांगा की घोडी नवी आहे, एका दिवसात दोनच पाय करू, येण्याजाण्याचे पैसे दोनदा देतो. चांगला कारागीर याला कधी नाही म्हणत नाही.

वरच्या ओठाला दोरीचा पीळ देऊन उभं करतात ते मी रोजच्या कामाला कधीच वापरत नाही. जखम शिवायची आहे, वेळ नाही, असं असेल तर डॉक्टर ठरवतील. गुंगीचं इंजेक्शनही त्यांच्याच हाताने. गुंगीतलं घोडं अचानक लाथ मारू शकतं, तेव्हा सुस्त दिसलं म्हणून बेसावध राहू नका.

एवढं करून पाय किती वेळा उचलायचा?

खूर रोज साफ करायचा. पावसाळ्यात आपली काळी माती खुरात लिंपून बसते, हवा लागत नाही, आणि मधल्या खाचा सडून काळा, घाण वासाचा चिकटा येतो. वास आला की समजा उशीर झाला. आकडी टाचेकडून पुढच्या टोकाकडे चालवा, मधल्या मऊ भागात खुपसू नका. खूर महिन्याला ६ ते १० मिलिमीटर वाढतो, म्हणून नाल असो-नसो, ६ ते ८ आठवड्यांनी छाटणी हवी.

तळव्यात खिळा किंवा धसकट दिसलं आणि डॉक्टर लवकर येणार असतील तर उपटू नका, किती खोल आणि कुठल्या दिशेला गेलंय ते त्यांना दिसायला हवं. पाय टेकून ते आणखी आत जाऊ नये एवढं बघा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, तेव्हा लसीची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२ आहे.

जत्रेत घोडा घेताना हे कसं तपासायचं?

आपल्याकडे गिऱ्हाईक आधी अंगावरचे केसांचे भोवरे बघतं, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) आहे का बघतं, मारवाडी असेल तर कानाची टोकं जुळतात का बघतं. बघा, माझं त्याला काही म्हणणं नाही. पण त्याआधी मालकाला म्हणा, चारही पाय उचलून दाखव. तो उचलत असताना पायाकडे बघू नका, घोड्याच्या तोंडाकडे बघा. नाकपुड्या ताठ होतात का, शेपूट आवळतो का, डोळ्याचा पांढरा दिसतो का. मग तुम्ही स्वतः उचला, मालकाने लांब उभं राहायचं. खुराच्या वरच्या खळगीत बोट फिरवून दोरीचा व्रण लागतो का ते बघा. तळाला वास घ्या. व्रण असला तर घोडा टाकून द्यायचा असं नाही, आमची काजळी तशीच आली. पण मग दोन-तीन महिने सकाळ-संध्याकाळ वेळ देणारा माणूस घरात आहे का, हे घरच्यांना विचारून या आणि मगच सौद्यासाठी रुमालाखाली हात घाला.